वेगवेगळ्या काळांतले आइस हॉकीचे महान बचावपटू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅनडात आलेली मराठी मंडळी पहिले दोन हिवाळे आइस हॉकीकडे पाठ फिरवून काढतात. तिसऱ्या हिवाळ्यात मुलगा शाळेतून येतो आणि विचारतो, "बाबा, बॉबी ऑर मोठा की केल मकार?" मग घरात वाद सुरू होतो. खालचे प्रश्न मला जेवणाच्या टेबलावर, गाडीत आणि सकाळी सहा वाजता रिंकच्या थंडगार बाकड्यावर कुडकुडत बसलेलं असताना विचारले गेले आहेत. उत्तरं माझी आहेत आणि काही ठिकाणी चांगलीच एकतर्फी आहेत.

बचावपटूचं काम गोल होऊ न देण्याचं. मग त्याची तुलना गोल आणि असिस्टवरून का करतात?

मोजायला तेवढंच हाताशी असतं म्हणून. बर्फावर एका वेळी संघाचे सहा जण असतात: एक गोलरक्षक, दोन बचावपटू, तीन आघाडीचे. गोल करणाऱ्याला एक गुण, आणि त्याआधी पक (म्हणजे चेंडूच्या जागी असलेली रबरी चकती) पुरवणाऱ्या जास्तीत जास्त दोघांना असिस्टचा एकेक गुण. खाली जिथे 'गुण' म्हटलंय तिथे हे सगळे धरून.

आता बचावपटूचं खरं काम बघा. समोरचा खेळाडू सुसाट वेगानं अंगावर येतोय आणि तुम्ही त्याच्याकडे तोंड करून उलटं स्केटिंग करत मागे सरकताय. स्टिक पुढे धरलेली. त्याच्या छातीवर नजर ठेवायची, पककडे बघायचं नाही, कारण पक हुलकावणी देतो, छाती देत नाही. हळूहळू तुम्ही त्याला मधल्या वाटेवरून कडेच्या बोर्डाकडे रेटता. तिथून त्याला गोलाची फट जेमतेम दिसते. तो वैतागून एक तिरका फटका मारतो, गोलरक्षक तो आरामात छातीवर घेतो. गोलरक्षकाच्या नावावर एक फटका अडवल्याची नोंद झाली. तुमच्या नावावर? काही नाही.

या पानावरची सगळी भांडणं इथूनच निघतात. बचावपटूची सर्वोत्तम करामत म्हणजे न घडलेली गोष्ट, आणि न घडलेल्या गोष्टीला स्कोअरशीटवर रकाना नसतो.

सगळे आधी बॉबी ऑरचंच नाव का घेतात?

कारण त्याच्या बाबतीत रकानेसुद्धा ओसंडून वाहिले.

ऑन्टारिओतल्या पॅरी साउंड गावचा हा पोरगा १९६६ मध्ये, अठराव्या वर्षी बॉस्टन ब्रुइन्सकडून खेळायला लागला. त्याच्याआधी एका मोसमात बचावपटूनं केलेले सर्वाधिक गुण होते ५९, शिकागोच्या पिएर पिलोटचे. ऑरनं १९६८-६९ मध्ये ६४ केले. इथपर्यंत ठीक. पुढच्याच मोसमात त्यानं १२० केले आणि अख्ख्या लीगमध्ये पहिला आला, आघाडीच्या खेळाडूंसकट. त्याच्या पुढच्या वर्षी १३९. त्या १९७०-७१ च्या मोसमात दुसऱ्या कुठल्याही बचावपटूला ७० गुणसुद्धा गाठता आले नव्हते. म्हणजे दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाच्या दुपटीहून जास्त! असा फरक मोठ्या खेळांत एखाद्याच माणसाच्या वाट्याला येतो.

सर्वोत्तम बचावपटूला दिली जाणारी नॉरिस ट्रॉफी त्यानं १९६८ ते १९७५ अशी सलग आठ वर्षं घेतली. १९७० साली तर नॉरिस, सर्वाधिक गुणांची आर्ट रॉस, लीगमधल्या सर्वात मोलाच्या खेळाडूची हार्ट आणि प्लेऑफमधल्या (मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांतल्या) सर्वोत्तम खेळाडूची कॉन स्माइथ, अशा चारही ट्रॉफ्या एकाच मोसमात. हे त्याआधी कुणी केलं नव्हतं आणि नंतरही कुणाला जमलेलं नाही.

आणि तो फोटो. १० मे १९७०, बॉस्टन गार्डन. सेंट लुईस ब्लूजविरुद्ध अंतिम फेरीचा चौथा सामना, ३-३ अशी बरोबरी, ओव्हरटाइमची जेमतेम ४० सेकंदं झालेली. ब्लूजचा खेळाडू बोर्डाजवळून पक बाहेर काढायला बघतो. ऑर, बचावपटू असून, मागे सरकायचं सोडून पुढे घुसतो आणि पक अडवतो. हा जुगार होता. पक सुटला असता तर त्याच्यामागे मोकळं मैदान होतं. तो गोलामागच्या डेरेक सँडरसनला पास देतो, स्वतः गोलासमोर धाव घेतो, पक परत येतो आणि ग्लेन हॉलच्या पायांमधून आत जातो. तेवढ्यात नोएल पिकारची स्टिक त्याच्या पायात अडकते. फोटोत ऑर हवेत आडवा आहे, दोन्ही हात पसरलेले, तोंड उघडं. माणूस अजून बर्फावर पडलेलाही नाही आणि विजय साजरा करतोय. त्याचा क्रमांक ४, सामना चौथा, ओव्हरटाइम म्हणजे चौथा पिरियड, गोल चौथा. ज्योतिषाला सांगितलं तर तो खूश होईल.

पण तेव्हा लीग कमकुवत झाली होती ना?

हा आक्षेप खरा आहे आणि अपुराही आहे. १९६७ मध्ये एनएचएलमधले (उत्तर अमेरिकेतली ही मुख्य लीग) संघ सहाचे एकदम बारा झाले. ज्यांना आदल्या वर्षी संघात जागा मिळाली नसती असे बरेच खेळाडू बर्फावर आले, आणि त्यांच्याविरुद्ध गुण मिळवणं सोपं झालं. मात्र ते सगळ्यांसाठीच सोपं झालं होतं. त्याच नवख्या संघांशी बाकीचे बचावपटूही खेळत होते. त्यांचे गुण का नाही दुप्पट झाले?

ऑर फार थोडी वर्षं खेळला. ते धरायचं की नाही?

धरायचंच. एकूण ६५७ सामने, बस. ९१५ गुण. त्याचा डावा गुडघा पंचविशीआधीच खिळखिळा झाला होता. आज दुर्बिणीतून दोन छोट्या छिद्रांनी जे होतं त्यासाठी तेव्हा गुडघा उघडायचे. १९७६ च्या कॅनडा कपमध्ये तो त्याच गुडघ्यावर खेळला आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढे शिकागोकडून दोन मोसमांत मिळून २६ सामने, आणि १९७८ मध्ये, तिसाव्या वर्षी निवृत्ती. हॉल ऑफ फेमनं नेहमीचा थांबण्याचा काळ माफ करून ३१ व्या वर्षीच त्याला आत घेतलं.

त्यामुळे 'सर्वोत्तम मोसम कुणाचा' आणि 'सर्वोत्तम कारकीर्द कुणाची' हे दोन प्रश्न आधी वेगळे करा. आमच्या घरी हे न केल्यामुळे एकदा श्रीखंड तसंच राहिलं होतं.

गुणांची थेट तुलना का करू नये?

दर सामन्यातले गोल काळाप्रमाणे प्रचंड बदलत गेले म्हणून. १९८१-८२ मध्ये दोन्ही संघांचे मिळून सामन्याला सरासरी आठ गोल होत होते. २००३-०४ मध्ये तोच आकडा पाचच्या किंचित वर. मधल्या काळात गोलरक्षकांची पॅडं फुगली, गुडघे टेकून खालचा भाग झाकायची पद्धत सगळ्यांनी उचलली, आणि मधल्या पट्ट्यात माणसं पेरून खेळ गुदमरवण्याचं तंत्र प्रशिक्षकांना सापडलं. स्टिकनं समोरच्याला अडकवून ठेवलं तरी पंच काणाडोळा करायचे.

२००५ मध्ये ते नियम कडकपणे पाळायला लागले, दोन रेषा ओलांडणारा लांब पास वैध ठरला, आणि खेळ पुन्हा मोकळा झाला.

म्हणजे १९८५ चे ८० गुण आणि २००३ चे ६० गुण यांत कोण भारी हे नुसतं बघून सांगता येत नाही. गावसकर हेल्मेटविना खेळले आणि तेंडुलकर हेल्मेट घालून, म्हणून कट्ट्यावर जसा वाद रंगतो, तसाच हा. त्यातल्या त्यात प्रामाणिक उपाय एकच: खेळाडू आपल्या समकालीनांच्या किती पुढे होता ते बघा.

मग पॉल कॉफीचे आकडे फुगलेले आहेत का?

थोडे फुगलेले आहेत, पण खोटे नाहीत. १९८५-८६ मध्ये कॉफीनं ४८ गोल केले, बचावपटूचा हा विक्रम अजून उभा आहे. त्या मोसमात त्याचे गुण झाले १३८, ऑरच्या १३९ पेक्षा एकानं कमी. त्याच वर्षी त्याच एडमंटन संघात वेन ग्रेट्स्कीनं २१५ गुण केले होते. शेजारी असा माणूस असेल तर असिस्ट पडतातच.

पण कॉफीचं स्केटिंग बघितलंत का? तो मापापेक्षा लहान स्केट घालायचा, पाय आणि पातं एक व्हावं म्हणून. दोन ढांगांत वेग पकडायचा आणि तिसरीला समोरचा मागे पडलेला असायचा. स्वतःच्या गोलापाशी मात्र त्याच्यावर माझा जीव टांगलेला राहिला असता. 'बचावपटू म्हणून आघाडीचा चौथा खेळाडू' ही त्याची थट्टा अगदी निराधार नाही.

ज्याचे नॉरिस जास्त तो मोठा, एवढं साधं का नाही?

ऑर ८, डग हार्वी ७, निकलास लिडस्ट्रम ७, रे बोर्क ५. यादी वाईट नाही. पण नॉरिस १९५३-५४ मध्ये सुरू झाली, पहिली मिळाली डेट्रॉइटच्या रेड केलीला. त्याआधीच्या कुणाला एकही नॉरिस नाही, कारण ती नव्हतीच. शिवाय ती मतांवर ठरते, मतं पत्रकारांची, आणि त्यांची नजर गुणांच्या रकान्याकडे पहिली जाते. स्कॉट स्टीव्हन्सला आयुष्यात एकदाही नॉरिस मिळाली नाही. त्याच्या बाजूनं मध्य भागातून पक घेऊन जायचं कुणाच्या मनातही येत नसे, हे मतपत्रिकेवर कुठे लिहिणार?

डग हार्वी कोण? नाव फारसं ऐकू येत नाही.

माझ्या मते या पानावरचा सर्वात दुर्लक्षित माणूस.

जन्म १९२४, मॉन्ट्रियल. १९४७ ते १९६१ मॉन्ट्रियल कॅनेडियन्सकडून खेळला. सहा स्टॅनली कप (एनएचएलचं विजेतेपद), त्यांत १९५६ ते १९६० हे सलग पाच. सातवी नॉरिस मिळाली ती न्यूयॉर्क रेंजर्सकडून, १९६२ मध्ये, तेव्हा तो त्या संघाचा प्रशिक्षकही होता. म्हणजे अर्धा वेळ बाकावरच्यांना ओरडायचं आणि अर्धा वेळ स्वतः बर्फावर.

सगळ्या कारकिर्दीत गोल फक्त ८८. सर्वोत्तम मोसमात ५० गुण. हे आकडे वाचून आजचा मुलगा खांदे उडवतो. पण हार्वीची कला वेळेची होती. पक मिळाला की बाकीचे घाबरून लांब भिरकावून द्यायचे. हा स्वतःच्या गोलासमोर पक घेऊन सावकाश फिरायचा, जणू भाजी निवडतोय. समोरचा धावून आला की त्यानं सोडलेल्या जागेत पास. खेळ किती वेगानं चालायचा हे तो ठरवायचा. संघ पुढे असेल तर सामना झोपवायचा, मागे असेल तर पेटवायचा.

त्याच्या संघाचा पॉवर प्ले इतका घातक होता की नियम बदलावा लागला. (क्रिकेटवाल्यांनो, इथे पॉवर प्ले वेगळा: समोरचा खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर बसतो आणि तेवढा वेळ त्यांचा एक माणूस कमी असतो.) तेव्हा दोन मिनिटांची शिक्षा पूर्ण भोगावी लागे, कितीही गोल झाले तरी. नोव्हेंबर १९५५ मध्ये मॉन्ट्रियलच्या जाँ बेलिव्होनं एकाच पॉवर प्लेमध्ये ४४ सेकंदांत तीन गोल ठोकले. १९५६-५७ पासून एक गोल झाला की शिक्षा संपू लागली. तो पॉवर प्ले मागे उभा राहून चालवणारा माणूस हार्वी होता.

आणखी एक. १९५७ मध्ये टेड लिंडसेनं खेळाडूंची संघटना उभारायला घेतली तेव्हा हार्वी पुढच्या फळीत होता. मालकांना ते रुचलं नाही. लिंडसेची त्याच वर्षी शिकागोला रवानगी झाली, हार्वी १९६१ मध्ये रेंजर्सकडे गेला.

एडी शोरला या तुलनेत घ्यायचं की संग्रहालयात ठेवायचं?

घ्यायचं, पण हात जपून. शोर १९२६ ते १९४० बॉस्टनकडून खेळला. हार्ट ट्रॉफी चार वेळा, बचावपटूंमध्ये सर्वाधिक. ऑरलाही तीनच मिळाल्या. १९७२ नंतर तर ही ट्रॉफी फक्त एका बचावपटूच्या हाती लागली आहे, २००० साली क्रिस प्रॉन्गरच्या.

शोरचा खेळ पाहिलेलं आज कुणी नाही, गोष्टी मात्र आहेत. जानेवारी १९२९ मध्ये त्याची मॉन्ट्रियलची गाडी चुकली. त्यानं एक मोटार मिळवली, हिमवादळात रात्रभर हाकत तो मॉन्ट्रियलला पोचला, सामना खेळला आणि त्या १-० च्या विजयातला एकमेव गोल त्यानंच केला.

दुसरी गोष्ट काळी आहे. १२ डिसेंबर १९३३ ला त्यानं टोरंटोच्या एस बेलीला मागून धडक दिली. बेलीची कवटी फुटली. तो वाचला, पण पुन्हा कधी खेळला नाही. १४ फेब्रुवारी १९३४ ला बेलीच्या मदतीसाठी टोरंटोत खास सामना झाला, तेव्हा बेली आणि शोरनं बर्फावर हात मिळवले. शोरचं मोठेपण सांगताना ही गोष्ट वगळणारे लोक मला आवडत नाहीत.

प्लस-मायनस म्हणजे काय? त्यावरून तुलना होते का?

तुम्ही बर्फावर असताना तुमच्या संघानं गोल केला तर अधिक एक, समोरच्यांनी केला तर उणे एक. पॉवर प्लेचे गोल धरत नाहीत. १९७०-७१ मध्ये ऑर अधिक १२४ होता, हा विक्रम आहे. १९७६-७७ मध्ये लॅरी रॉबिन्सन अधिक १२०.

पण त्या वर्षी रॉबिन्सनचा मॉन्ट्रियल संघ ८० पैकी फक्त आठ सामने हरला होता. अशा संघात प्लस-मायनस कुणाचाही फुलतो. उलट टोक बघा: २०२२-२३ मध्ये एरिक कार्लसननं १०१ गुण केले आणि नॉरिस घेतली, तरी तो उणे २६ होता, कारण सॅन होजेचा संघ गाळात गेला होता. शिवाय लीगकडे ही नोंद अधिकृतपणे १९६७-६८ पासूनची. हार्वीच्या बहरातली वर्षं आधीच होऊन गेली होती. एकेक खेळाडू बर्फावर किती मिनिटं होता, हे तर १९९० च्या दशकाच्या शेवटी मोजायला लागले.

तेव्हा हा आकडा चवीपुरता वापरा.

डेनिस पॉटव्हिनला लोक का विसरतात?

मधल्या जागेचा शाप. ऑरनंतर लगेच आला आणि कॉफी-बोर्कच्या आधी. १०६० सामन्यांत १०५२ गुण, तीन नॉरिस, न्यूयॉर्क आयलंडर्सचा कर्णधार म्हणून १९८० ते १९८३ सलग चार कप. गोलांचा आणि गुणांचा ऑरचा कारकिर्दीतला विक्रम त्यानंच मोडला. वर अंगानं खेळायचा, धडक अशी की समोरच्याला घर आठवावं. माझ्या यादीत तो नेहमी पाचवा-सहावा येतो आणि दरवेळी मला अपराधी वाटतं.

लिडस्ट्रम कंटाळवाणा नव्हता का?

होता! तोच तर मुद्दा आहे.

स्वीडनमधल्या व्हेस्टरोसचा निकलास लिडस्ट्रम १९८९ च्या ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू पाळीपाळीनं निवडतात त्यात) ५३ वा निवडला गेला. १९९१ ते २०१२, सगळी कारकीर्द डेट्रॉइटमध्ये. १५६४ सामने, ११४२ गुण, चार कप. पहिली नॉरिस ३१ व्या वर्षी मिळाली. त्याआधी सलग तीन वर्षं तो दुसरा आला होता. मग सात झाल्या, शेवटची चाळिशी ओलांडल्यावर, २०११ मध्ये. २००६ च्या तुरीन ऑलिंपिकमध्ये फिनलंडविरुद्ध सुवर्णपदकाचा निर्णायक गोल त्याचा. २००८ मध्ये स्टॅनली कप उचलणारा, युरोपात घडलेला पहिला कर्णधारही तोच.

माझ्या मते त्याचा सर्वात बोलका आकडा मात्र वेगळाच आहे: वीस मोसमांत मिळून शिक्षेची फक्त ५१४ मिनिटं. बचावपटूला शिक्षा केव्हा होते? उशीर झाल्यावर. समोरचा पुढे निघून गेला की मग त्याला ओढायचं, पाडायचं, स्टिक अडकवायची. लिडस्ट्रमला उशीर होतच नसे. तो धडका क्वचित मारायचा, धावाधाव तर करायचाच नाही. त्याची स्टिक फक्त पास जाणार असलेल्या जागी आधीच ठेवलेली असायची. माझी आई भाकरी थापताना पिठाचा हात कधीच दुसरीकडे पुसायची नाही, तसं काहीसं. एकही हालचाल वाया नाही.

लिडस्ट्रम की बोर्क?

हा प्रश्न बॉस्टनमध्ये विचारू नका.

बोर्कचे १५७९ गुण, कुठल्याही बचावपटूनं केलेले सर्वाधिक. १९७९ ते २००१ अशा २२ मोसमांत १९ वेळा तो वर्षाच्या पहिल्या किंवा दुसऱ्या ऑल-स्टार संघात होता. सातत्य मोजायचं असेल तर तुलना इथेच संपते. बहुतेक वर्षं त्याचा संघ डेट्रॉइटइतका तगडा नव्हता, हेही त्याच्या बाजूनं. कप मिळाला तो अखेर २००१ मध्ये, कॉलरॅडोकडून, शेवटच्या सामन्यात. कर्णधार जो सॅकिकनं प्रथेप्रमाणे आधी स्वतः कप न उंचावता तो थेट बोर्कच्या हातात दिला.

माणूस म्हणून त्याची एक गोष्ट मला अधिक आवडते. बॉस्टननं डिसेंबर १९८७ मध्ये फिल एस्पोझिटोचा ७ क्रमांक निवृत्त करायचं ठरवलं. तेव्हा तो क्रमांक बोर्क वापरत होता. सोहळ्यात बोर्क एस्पोझिटोपाशी गेला, अंगातली ७ क्रमांकाची जर्सी काढून त्याच्या हाती दिली, आणि आत दिसली दुसरी जर्सी: ७७. पुढे ७७ हाच बोर्कचा क्रमांक झाला.

तरीही एक गोलाची आघाडी असेल, दोन मिनिटं उरली असतील, तर मी लिडस्ट्रमला पाठवीन. दहा वर्षं एक संघ बांधायचा असेल तर बोर्क.

एनएचएलबाहेरच्यांचं काय?

व्याचेस्लाव्ह फेटिसोव्हवर इथे अन्यायच होतो. १९८० च्या दशकात सोव्हिएत संघाच्या आणि मॉस्कोच्या सीएसकेए क्लबच्या त्या प्रसिद्ध पाच जणांच्या फळीचा तो कणा. १९८४ आणि १९८८ ची ऑलिंपिक सुवर्णपदकं, सात जागतिक विजेतेपदं. परदेशी खेळायला जाऊ द्यावं म्हणून तो व्यवस्थेशी उघड भांडला आणि १९८९ मध्ये न्यू जर्सीला आला, तेव्हा वय ३१. एनएचएलमधले त्याचे गुण २२८. हा आकडा बघून त्याला जोखणं म्हणजे गवयाला साठीनंतरच्या रेकॉर्डवरून जोखणं. तरीही डेट्रॉइटकडून १९९७ आणि १९९८ चे कप त्यानं घेतलेच, आणि १९९७ चा कप मॉस्कोच्या लाल चौकात नेला.

बोर्ये सॅल्मिंगचं नाव टोरंटोत आदरानं घेतात. १९७३ मध्ये तो आला तेव्हा स्वीडिश खेळाडू म्हणजे मऊ, असा समज होता. त्यानं सोळा मोसम मार खाल्ला, दिला, आणि समज मोडला. लिडस्ट्रमची वाट त्यानं तुडवलेली आहे.

महिला बचावपटू?

जेराल्डिन हीनी (कॅनडा, २००२ चं ऑलिंपिक सुवर्ण) आणि अँजेला रुजेरो (अमेरिका, १९९८ च्या सुवर्णासह चार ऑलिंपिक पदकं). दोघीही हॉल ऑफ फेममध्ये आहेत.

जुन्या खेळाडूला आज बर्फावर उतरवलं तर टिकेल का?

आहे तसा उचलून आणला तर नाही. हार्वीच्या काळात लाकडी स्टिक, डोक्यावर काही नाही. गोलरक्षक जॅक प्लाँटनं सामन्यांत नेमानं मुखवटा घालायला सुरुवात केली ती नोव्हेंबर १९५९ मध्ये. अलीकडच्या काळात झ्देनो चारासारखा २०६ सेंटिमीटर उंचीचा बचावपटू बर्फावर उभा राहिला आणि १६८० सामने खेळून गेला. (हो, आडनाव असंच लिहावं लागतं. गुरांचा काही संबंध नाही.)

पण उलटही विचारा. आजच्या खेळाडूला लाकडी स्टिक द्या, आहारतज्ज्ञ काढून घ्या, हेल्मेट काढा आणि शोरसमोर सोडा. स्टीव्हन्सनं २००० मध्ये एरिक लिंड्रोसला दिलेली धडक तेव्हा नियमात बसत होती. डोक्यावरच्या धडकांचा नियम २०१० मध्ये आला. ज्या नियमांत जो वाढला, त्यातच त्याला तपासा.

आणि मकार? मुलाला काय सांगू?

सांगा की अजून चाललंय. केल मकार, जन्म १९९८, कॅल्गरी. २०२२ मध्ये प्लेऑफच्या २० सामन्यांत २९ गुण, कप, आणि नॉरिस व कॉन स्माइथ एकाच वर्षी. हे दोन्ही एकत्र त्याआधी फक्त ऑर आणि लिडस्ट्रमला मिळालं होतं. २०२४-२५ मध्ये ३० गोल आणि दुसरी नॉरिस. त्याचं स्केटिंग कॉफीची आठवण देतं, आणि मागे परतायला तो कॉफीपेक्षा कितीतरी चटपटीत.

फरक एवढाच की आज बचावपटूनं पुढे जाणं ही शिकवलेली गोष्ट आहे. ऑरनं ते केलं तेव्हा ते शिकवणारं कुणी नव्हतं.

तुमची यादी एकदा सांगून टाका.

ऑर. मग हार्वी आणि लिडस्ट्रम, क्रम मूडप्रमाणे, आज हार्वी. चौथा बोर्क. मग पॉटव्हिन आणि शोर. रॉबिन्सन, फेटिसोव्ह, केली दारात उभे. कॉफीला मी तिकीट काढून बघायला जाईन, यादीत मात्र दहाव्याच्या आसपास.

मला हे स्वतः बघून ठरवायचंय. सुरुवात कुठून करू?

ऑरच्या क्लिप सगळेच बघतात, बघाच. पण नंतर २००८ च्या अंतिम फेरीचा डेट्रॉइट-पिट्सबर्ग पहिला सामना पूर्ण लावा. पिट्सबर्गकडे सिडनी क्रॉस्बी आहे. पककडे बघू नका. डेट्रॉइटचा ५ क्रमांक, म्हणजे लिडस्ट्रम, बर्फावर आला की फक्त त्याच्यावर नजर ठेवा आणि तो गेला की चहा टाका. पहिली दहा मिनिटं वाटेल की हा काहीच करत नाहीये. मग लक्षात येईल की त्याच्या बाजूनं कुणी येतच नाहीये. तो सामना पिट्सबर्ग ४-० हरलं, पुढचा ३-०.